लिनक्स इन्स्टॉल करताना मशीन मध्येच अडकले तर

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होते, लोगो झळकतो आणि पडदा काळा पडतो. अशा वेळी बहुतेक जण पेनड्राइव्ह पुन्हा बनवतात, तरी जमले नाही की दुसरेच डिस्ट्रो (उबुंटू, मिंट यांसारखा लिनक्सचा प्रकार) उतरवतात. यात दिवस जातो आणि दोष जागच्या जागी राहतो. त्याआधी तीनदा मशीन सुरू करून पाहा आणि दर वेळी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा (एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा बायोसच्या (मशीन सुरू होताच चालणारे मूळ सॉफ्टवेअर) सेटिंगचा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर संशय रॅम, पेनड्राइव्ह किंवा वीजपुरवठ्यावर घ्यावा.

फाइल नीट उतरली का?

उबुंटू 24.04 ची आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची पूर्ण प्रत) 6 जीबीच्या आसपास आहे. गुहागर-देवगडकडच्या वाड्यांवर ती मोबाइल हॉटस्पॉटवरून उतरवायची तर रेंज चार वेळा जाणार. म्हणून टॉरेंटने (तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याची पद्धत) उतरवा. त्यात प्रत्येक तुकडा तपासला जातो आणि तुटलेले डाउनलोड तिथूनच पुढे चालू होते. मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश (Get-FileHash) ही आज्ञा देऊन पुढे फाइलचे नाव लिहा. येणारी 64 अक्षरे डिस्ट्रोच्या संकेतस्थळावर दिलेल्या एसएचए-256 शी (फाइलची ओळख पटवणारा ठसा) जुळलीच पाहिजेत. एक अक्षर वेगळे असले तरी फाइल खराब.

पेनड्राइव्ह किमान 8 जीबीचा घ्या. रूफसमध्ये (पेनड्राइव्ह बनवणारा विंडोजचा प्रोग्राम) आयएसओ मोडने बनवलेला चालला नाही तर डीडी मोडने बनवून पाहा. सुरू होताना स्क्वॅशएफएस (SQUASHFS) एररच्या ओळी धावल्या किंवा इनिट्रॅमएफएसचा (initramfs) प्रॉम्प्ट येऊन थांबला, तर पेनड्राइव्ह नीट वाचला जात नाही. मध्ये यूएसबी हब असेल तर काढा, यूएसबी 2 चे पोर्ट असेल तर त्यात लावा, तरी तेच झाले तर पेनड्राइव्ह बदला.

खारी हवा आणि रॅम

किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये ही तपासणी वगळू नये. खारा वारा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांमुळे रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर मळकट थर चढतो. रोजच्या कामात तो जाणवत नाही. इन्स्टॉलर मात्र फाइली रॅममध्ये उलगडतो, तेव्हा दोष उघडा पडतो.

मशीन बंद करा, प्लग काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरी सोडवा आणि पॉवरचे बटण 15 सेकंद दाबून ठेवा. रॅमची पट्टी काढून सोनेरी पट्ट्यांवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. भुगा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर वापरू नका, सोन्याचा थर निघून जातो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकरही मारू नका, ओलावा आत जातो. मऊ ब्रश पुरतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा.

यानंतर मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. त्याची 6 वी आवृत्ती आणि त्यापुढच्या यूईएफआयवरही (जुन्या बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) चालतात. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही एरर आली तरी त्या रॅमवर इन्स्टॉल करू नका.

जुन्या डेस्कटॉपमधला सीआर 2032 हा 3 व्होल्टचा गोल सेलही बघा. तो संपला असेल तर लाइट गेल्यावर तारीख मागे जाते, बायोसची सेटिंग मूळ पदावर येतात, डिस्कचा मोड बदलतो आणि काल नीट चाललेली सिस्टम आज सुरूच होत नाही. सेल बदला, मग सेटिंग पुन्हा लावा.

मेन्यू येतो, पुढे काळा पडदा

हा सर्वांत नेहमीचा प्रकार, आणि बहुतेक वेळा कारण ग्राफिक्स कार्ड, त्यातही एनव्हिडियाचे. लिनक्ससोबत येणारा एनव्हिडियासाठीचा नूव्हो ड्रायव्हर काही नव्या कार्डांवर अडखळतो.

1. ग्रबच्या मेन्यूत (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, पहिला मेन्यू त्याचाच) पहिल्या पर्यायावर थांबून ई (e) हे अक्षर दाबा.
2. लिनक्स (linux) या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा.
3. त्या ओळीतले क्वाएट (quiet) आणि स्प्लॅश (splash) हे शब्द काढा. त्यामुळे लोगोऐवजी खरे संदेश दिसतील.
4. त्यांच्या जागी नोमोडसेट (nomodeset) लिहा: रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग. ओळीच्या शेवटी तीन उभ्या रेघा असतील तर त्यांच्या आधी.
5. एफ10 दाबा.

नोमोडसेटमुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) ग्राफिक्स ड्रायव्हरला पडद्याचा मोड बदलू देत नाही. चित्र ओबडधोबड दिसेल, पण इन्स्टॉलेशन पार पडेल. उबुंटूच्या मेन्यूतला सेफ ग्राफिक्स हा पर्याय हेच करतो. ई दाबून केलेला बदल तेवढ्याच वेळेपुरता असतो. इन्स्टॉल झाल्यावर काळा पडदा पुन्हा आला तर तो पुन्हा करावा लागेल. आत गेल्यावर उबुंटूमध्ये ॲडिशनल ड्रायव्हर्समधून आणि मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाका.

त्याच ओळीत एसीपीआय=ऑफ (acpi=off, म्हणजे वीज-व्यवस्थापन बंद) लिहा, हा सल्लाही सर्रास दिला जातो. तो दोष शोधण्यापुरताच वापरा. कायम ठेवला तर बॅटरीची माहिती आणि पंख्याचे नियंत्रण जाते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात ते परवडणारे नाही.

विंडोजच्या शेजारी टाकताना

इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल किंवा तो आरएसटी (इंटेलची डिस्क हाताळण्याची पद्धत) बंद करा असे सांगत असेल, तर बायोसमध्ये डिस्कसाठी एएचसीआय (AHCI) हा साधा मोड लावावा लागतो. तो थेट बदललात तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) 48 अंकी रिकव्हरी की लिहून घ्या आणि बिटलॉकर थांबवा. विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये (msconfig) सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करून एएचसीआय लावा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा.

मेन्यू येण्याआधीच सिक्युरिटी व्हायोलेशन असा संदेश आला तर बायोसमधले सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टम सुरू होऊ न देणारी सेटिंग) बंद करून पाहा. विंडोज यूईएफआयमध्ये असेल तर पेनड्राइव्हही बूट मेन्यूतल्या यूईएफआय असे लिहिलेल्या नोंदीवरूनच सुरू करा.

पहिल्या रीस्टार्टला अडकले तर

पेनड्राइव्ह काढा आणि बायोसमध्ये बूटचा क्रम पाहा. ग्रब रेस्क्यू असा प्रॉम्प्ट आला तर ग्रबला त्याच्या फाइली सापडलेल्या नाहीत. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता) सुरू करून बूट-रिपेअर हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला की बहुतेकदा काम होते. इन्स्टॉलेशन चालू असताना लाइट गेली असेल तर मात्र डागडुजीत वेळ घालवू नका. लिनक्सचे पार्टिशन तेवढे फॉरमॅट करून नव्याने करा, आणि या वेळी डेस्कटॉप इन्व्हर्टरवर आणि लॅपटॉप चार्जरला लावून, बॅटरी भरलेली ठेवून बसा.