गोल्फ क्लबची जॉइनिंग फी: कधी भरायची, कधी हात आखडायचा

इंग्लंडात स्थायिक झालेली आपली बरीच मंडळी चाळिशीत गोल्फकडे वळतात. क्रिकेट खेळून गुडघे कुरकुरायला लागलेले असतात, मुलं थोडी मोठी झालेली असतात, आणि ऑफिसातला कुणीतरी एकदा ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे चेंडू मारायच्या सरावाच्या जागी, घेऊन जातो. मग वर्षभरात मला फोन येतो, "ताई, बाराशे पौंड वर्गणी समजू शकतो, पण वर पंधराशे जॉइनिंग फी कसली?"

मी मूळची सांगलीची, पेशाने अकाउंटंट. वायव्य इंग्लंडातल्या चेशायरमधल्या एका क्लबात काही वर्षं खजिनदार होते. म्हणजे सभासद होताना एकदाच भरायची ही फी मी भरलीही आहे आणि कमिटीत बसून ठरवलीही आहे. दोन्हीकडचं सांगते.

आधी क्लब कुणाचा ते बघा

बाहेरून सगळे क्लब सारखेच दिसतात. झेंडे, बंकर, क्लबहाउसच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत जुन्या कॅप्टनांची नावं. पण आत दोन जाती आहेत. एक सभासदांच्या मालकीचा क्लब: निवडून आलेली कमिटी, वार्षिक सभा, आणि शिल्लक राहिलेला पैसा परत मैदानातच. दुसरा मालकाचा क्लब: कंपनीचा किंवा एखाद्या कुटुंबाचा धंदा. तिथे तुम्ही 'मेंबर' म्हणवता, पण खरं तर गिऱ्हाईक असता.

व्हॅटमध्येही फरक पडतो. सभासदांच्या ना-नफा क्लबात खेळणाऱ्या सभासदांच्या वर्गणीवर सहसा व्हॅट नसतो. मालकाच्या क्लबात तो 20 टक्के असतो आणि सांगितलेल्या रकमेतच धरलेला असतो. म्हणजे बाराशेतले दोनशे सरकारजमा झाले, मैदानावर हजारच लागले.

माझा नियम सरळ आहे. मालकाच्या क्लबात जॉइनिंग फी भरू नका, किंवा निदान घासाघीस करा. ती मालकाच्या खिशात जाते, तुम्हाला मत मिळत नाही, आणि उद्या कंपनी बुडाली तर तुमचा नंबर घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी. सभासदांच्या क्लबात मात्र फीमागे थोडंफार तर्कशास्त्र आहे. मागच्यांनी पैसे घालून उभं केलेलं मैदान, क्लबहाउस, पाण्याच्या पाइपलाइनी तुम्ही पहिल्या दिवसापासून वापरणार. काही क्लबांच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, तर असंही असतं की क्लब मोडला आणि जमीन विकली, तर पैसा त्या वेळच्या सभासदांत वाटला जाईल. शहरालगतच्या जमिनीला घरं बांधायची परवानगी मिळाली तर ती रक्कम किरकोळ नसते. तेव्हा घटना मागून घ्या आणि विसर्जनाचं कलम वाचा. वर्गणीच्या पानाआधी मी तेच वाचते.

सभासदांच्या क्लबांतच आणखी एक प्रकार आहे, 'कम्युनिटी अमॅच्युअर स्पोर्ट्स क्लब' म्हणून नोंदलेले. त्यांना स्थानिक करात 80 टक्के सूट मिळते. त्या बदल्यात दारं सगळ्यांना उघडी ठेवावी लागतात, सभासदत्वाचा खर्च वर्षाला 1,612 पौंडांच्या आत ठेवावा लागतो, आणि विसर्जनाच्या वेळी मालमत्ता सभासदांना वाटता येत नाही. अशा क्लबात मोठी जॉइनिंग फी मागितली तर भुवया उंचावायला हरकत नाही.

फीचे दिवस फिरतात

ही फी म्हणजे क्लबच्या प्रतिष्ठेचा आकडा असं समजू नका. ती रांगेची किंमत आहे. ऐंशीच्या दशकात सगळीकडे प्रतीक्षायाद्या होत्या. 1989 मध्ये आर अँड ए या गोल्फच्या मुख्य संस्थेने अहवाल काढला की 2000 सालापर्यंत ब्रिटनला आणखी 700 कोर्स लागतील. शेतजमिनी मोडून कोर्स निघाले, कर्जं काढून निघाले. मग खेळाडू तितके आले नाहीत, त्यात 2008 ची मंदी, आणि अनेक क्लबांनी फी गुपचूप रद्द केली. आमच्याकडे तर सभासद आणणाऱ्याला बारमध्ये खर्चायला रक्कम मिळायची!

चित्र पालटलं ते कोविडने. इंग्लंडात टाळेबंदीनंतर 13 मे 2020 ला गोल्फ सुरू झाला, तेव्हा क्लब क्रिकेट बंदच होतं. घरी बसून कंटाळलेली सगळी जनता आमच्या दारात. पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, जागा मिळेना. रांग लागली, आणि रांगेबरोबर फीही परत आली. तेव्हा शेजारच्या क्लबात फी आहे म्हणून इथेही असणारच, असं नाही. दहा मैलांच्या परिसरातल्या चार क्लबांना विचारा: आज प्रतीक्षायादी आहे का, किती महिन्यांची? यादी नाही आणि फी आहे, तर ती फी हलू शकते.

कमिटीत काय शिजतं

समजा क्लबात सहाशे सभासद आहेत आणि दरवर्षी साठ जण गळतात. त्यांच्या जागी साठ नवे आले आणि प्रत्येकी पंधराशे घेतले, तर नव्वद हजार पौंड जमा होतात. तोच नव्वद हजार सहाशे जणांची वर्गणी दीडशेने वाढवूनही जमतो. आता सांगा, वार्षिक सभेत हात कशासाठी वर होतील? मतदान करणारे सहाशे जण खोलीत आहेत. फी भरणारे साठ जण अजून खोलीत आलेलेच नाहीत. अख्खी जॉइनिंग फी या एका गोष्टीवर उभी आहे.

आमच्या सभेत मी जॉइनिंग फीऐवजी वर्गणीवाढीचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले. म्हणाले, "मी 1988 मध्ये भरली, यांनी का भरू नये?" टाळ्या पडल्या. मी विचारलं, त्या पैशाचं काय केलं होतं? कुणालाच आठवेना. शेवटी जुनी इतिवृत्तं काढली तेव्हा कळलं की त्यातून क्लबहाउसचा गालिचा बदलला होता. त्या गालिच्यावरच आम्ही बसलो होतो, आणि तो बदलायला झाला होता.

पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. नव्या माणसाकडून सोसायटी ट्रान्सफर फीच्या नावाखाली काय काय उकळायची! म्हणून सरकारने महापालिका हद्दीत 25,000 रुपयांची कमाल मर्यादा घातली. गोल्फ क्लबांवर अशी सरसकट मर्यादा नाही. तुमची बाजू तुम्हालाच मांडायची आहे.

तुमचा हिशेब

कागद घ्या. क्लबात पाहुणा म्हणून एक फेरी खेळायची ग्रीन फी किती? समजा 45 पौंड. वर्गणी 1,200 आणि जॉइनिंग फी 1,500. आता खरा प्रश्न: तुम्ही इथे किती वर्षं राहणार?

पाच वर्षं राहिलात तर फीचे वर्षाला तीनशे पडतात, म्हणजे वर्गणी धरून वर्षाचा एकूण खर्च पंधराशे. 45 ने भागा, तर वर्षाला साधारण 34 फेऱ्या खेळल्यावर पैसे वसूल. तीन वर्षांत निघालात तर 38. आणि कंपनीने दोन वर्षांत मँचेस्टरहून लंडनला हलवलं, तर 44. इंग्लंडच्या हवेत, नोकरी आणि मुलांच्या शनिवारच्या शाळा सांभाळून वर्षाला 44 फेऱ्या? पेन्शनरांना जमतं. व्हिसावर असाल, नोकरी फिरतीची असेल, तर ज्या क्लबात फी नाही किंवा हप्त्यांनी आहे तिथेच जा. या एका हिशेबावर मी कितीतरी जणांना परत पाठवलंय.

त्या आकड्यात आणखी काय काय मिसळायचं ते बघा. इंग्लंड गोल्फ आणि काउंटीची संलग्नता फी वेगळी असते. बारची सक्तीची रक्कम आधीच कार्डावर घालून घेतात, तिला 'लेव्ही' म्हणतात. ती वापरता येते, पण संपवली नाही तर काही ठिकाणी वर्षाअखेरीस बुडते. लॉकर वेगळा. कधी 'बाँड', म्हणजे ठेव, मागतात. तो परत मिळणारा आहे का, आणि कधी, हे लेखी घ्या. तोंडी 'हो हो' चालत नाही.

फेब्रुवारीत मैदान बघा

क्लबवाले तुम्हाला जूनमध्ये फिरवतील. हिरवंगार, उजेड रात्री साडेनऊपर्यंत. तुम्ही जा फेब्रुवारीत, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर. चेशायरची माती चिकण. फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, बुटाची टाच दाबा आणि उचला. खळग्यात पाणी किती वेळात भरतं ते बघा. लगेच भरलं, तर नोव्हेंबर ते मार्च तुम्ही तात्पुरत्या ग्रीनवर (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) किंवा घरीच. प्रो-शॉपच्या, म्हणजे क्लबातल्या गोल्फच्या दुकानाच्या, दाराशी 'कोर्स बंद'ची पाटी असते. दुकानातल्या पोराला विचारा की गेल्या हिवाळ्यात ती किती वेळा लागली. सेक्रेटरीपेक्षा तो खरं सांगतो. वाळूच्या जमिनीवरचे कोर्स, म्हणजे समुद्रकाठचे लिंक्स किंवा दक्षिणेतल्या सरेकडचे हीथलँड (झुडपी माळ), हिवाळ्यातही कोरडे राहतात. तिथली फी जास्त असते आणि बऱ्याचदा ती वाजवीही असते, कारण तुम्ही बारा महिने खेळता. चिकणमातीवरच्या क्लबाने तीच फी मागितली तर विचारा, निचऱ्याचं काम कधी केलं? आमच्याकडे चौथ्या होलखाली नळ घातले आणि त्या हिवाळ्यात तो होल बंद पडायचा थांबला. जॉइनिंग फीचा पैसा जावा तो असा जमिनीत.

ताळेबंद वाचा

क्लब कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर त्याचे हिशेब 'कंपनीज हाउस' या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. तीन वर्षांचे उघडा. सगळं कळायची गरज नाही. हातातली रोकड वाढतेय की आटतेय? कर्ज किती? आणि जॉइनिंग फी रोजच्या उत्पन्नात मिसळली आहे, की वेगळ्या निधीत ठेवली आहे? छोट्या क्लबांचे हिशेब त्रोटक असतात, त्यात हे दिसणार नाही. मग सेक्रेटरीला पत्र लिहून विचारा. "गेल्या तीन वर्षांत जॉइनिंग फी किती जमली आणि कुठे खर्च झाली?" चांगला क्लब दोन ओळींत उत्तर देतो. टाळाटाळ झाली तर समजा, पगार आणि विजेचं बिल नव्या सभासदांच्या फीतून निघतंय. नवे येणं थांबलं की त्या क्लबात पुढच्याच वर्षी वर्गणी भडकते.

मागायचं काय

सवलत मागायला लाजू नका. मागणारे गोरेही असतात, आणि भरपूर. फी माफ होत नसेल तर तीन हप्ते मागा. नवराबायको दोघं येत असाल तर एकाची माफी मागा. वय तिशीच्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी वर्गणी कमी असते, फी नसतेच. सोमवार ते शुक्रवारचं सभासदत्व घेऊन नंतर पूर्ण सभासद झालात तर फी पुन्हा लागणार का, ते आधीच विचारून ठेवा. काही वर्षांसाठी भारतात परतावं लागलं तर नाव 'कंट्री मेंबर', म्हणजे लांब राहणारा सभासद, म्हणून ठेवता येतं का, हेही.

सूचक आणि अनुमोदक लागतात तिथे ओळख नाही म्हणून मागे हटू नका. सेक्रेटरीला सांगा, तो दोन सभासदांबरोबर फेरी लावून देतो. मोठ्या क्लबांना 2010 चा समानता कायदा लागू आहे, त्यामुळे वंश किंवा धर्माच्या कारणाने अर्ज नाकारणं बेकायदा आहे. फी हे गाळणी म्हणून वापरायचं साधन होऊ नये असं मला वाटतं, पण काही जण मनातून तेच करतात, हेही मी कमिटीत बसून पाहिलंय.

आणि क्लब लागतोच का? अधिकृत हँडिकॅपसाठी, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्यासाठी, पूर्वी लागायचा. 2021 पासून इंग्लंड गोल्फची 'आयगोल्फ' योजना आहे, तिच्यातून क्लबाशिवायही हँडिकॅप मिळतो. त्यासाठी एकूण 54 होलांची, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्यांइतकी, गुणांची कार्डं भरावी लागतात. वर्षाला वीसेक फेऱ्या खेळणाऱ्याने तेच करावं.

क्लबांनी फी घ्यावी की नाही, असं विचाराल तर मी म्हणेन, सभासदांच्या क्लबाने घ्यावी, पण यादी असेल तरच, एका वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त नाही, तीन वर्षांत विभागून, आणि वेगळ्या खात्यात. आमच्या क्लबात यातलं विभागणं आणि वेगळं खातं मंजूर झालं. फीवरची एका वर्षाच्या वर्गणीची मर्यादा मात्र नामंजूर झाली, अकरा मतांनी.

अर्ज टाकायची वेळ जानेवारी ते मार्च. बऱ्याच क्लबांचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, नूतनीकरणाची बिलं गेलेली असतात, कोण गळणार ते कळायला लागलेलं असतं, आणि खजिनदाराला रात्री झोप लागत नसते. तेव्हा फोन करा.