चुंबक खिडकीकडे वळला, आणि मी लाल रेघ मारली

राज्याच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमधून निवड होऊन सहावी ते आठवीच्या विज्ञानावर नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. अध्ययन निष्पत्ती म्हणजे काय, आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनात फरक काय, हे टीईटी आणि टेट या शिक्षकांच्या परीक्षांच्या अभ्यासात तुमचं पाठ झालेलं असणार, त्यामुळे ते परत सांगत नाही. ते सगळं वर्गात उतरवताना मी कुठे पडले, तेवढं सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पदवीधर शिक्षिका आहे, विज्ञान-गणित गटाची. २०१७ साली एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेने तयार केलेल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या त्या इयत्तेत मुलाला काय करता यायला हवं याची वाक्यं, आल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत त्यांना जागा मिळाली, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत त्या छापून आल्या. आमच्या शाळेत आठवड्याभरात भिंतींवर तक्ते लागले, वर्गवार नोंदवह्या आखल्या गेल्या. प्रत्येक मुलाच्या नावापुढे प्रत्येक निष्पत्तीचा एक चौकोन. माझ्या सहावीत एकतीस मुलं होती. किती चौकोन झाले असतील याचा हिशेब तुम्हीच करा. पहिल्या वर्षी मी शाळा सुटल्यावर रोज तासभर ते भरत बसायचे आणि आपण नवीन पद्धत मनापासून राबवतोय, असं मला खरोखर वाटायचं.

आता त्या दिवसाचं सांगते. सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘चुंबकाची गंमत’ हा पाठ आहे. त्याच इयत्तेची एक निष्पत्ती अशी, की मुलं प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी साधे तपास करतात. तिथे जे नमुन्याचे प्रश्न दिले आहेत, त्यांतला एक आहे : मोकळा टांगलेला चुंबक ठरावीक दिशेतच स्थिर राहतो का? मी पाच गट केले, पेटीतले पट्टीचुंबक दोऱ्याने टांगायला दिले आणि निरीक्षण लिहा म्हटलं. चार गटांनी ‘दक्षिणोत्तर’ लिहिलं. खिडकीजवळच्या गटातली एक मुलगी म्हणाली, “बाई, आमचा खिडकीकडं वळतोय.” मी घाईत होते. पाठ त्याच तासात संपवायचा होता, पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुखांची (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) भेट होती. “नीट धर, हात हलवू नको,” एवढं बोलून मी पुढे गेले. तिने वहीत लिहिलं, ‘चुंबक खिडकीकडे तोंड करून थांबला.’ संध्याकाळी वह्या तपासताना मी त्यावर लाल रेघ मारली, वर ‘दक्षिण-उत्तर’ लिहिलं आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘प्रयत्नशील’ असा शेरा टाकला. उरलेल्या तीस जणांना ‘साध्य’.

त्या खिडकीला लोखंडी गज होते.

हे मला दोन वर्षांनी उमगलं. तीच मुलं आठवीत आली. धाराविद्युत आणि चुंबकत्वाच्या पाठात तारेतून विद्युतप्रवाह सोडला की शेजारची चुंबकसूची, म्हणजे होकायंत्रातली सुई, वळते, तो प्रयोग मी घेतला. माझ्याकडचे सेल उतरले होते, सुई जागची हलली नाही. मी दुसरे सेल शोधायला ऑफिसात गेले. परत येऊन पाहते तर सगळ्या वह्यांत एकच वाक्य : ‘सूची विचलित झाली.’ न हललेल्या सुईबद्दल! त्या मुलीच्या वहीतही तेच. मी तिला विचारलं, “तुला दिसली का गं वळताना?” ती म्हणाली, “नाही बाई, पण वळते ना?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. सहावीत जी मुलगी डोळ्यांना दिसलं ते लिहीत होती, तिला दिसलेलं सोडून पुस्तकातलं लिहायला मीच शिकवलं होतं. नोंदवहीप्रमाणे माझा वर्ग प्रगत होता.

खड्डा कुठे आहे ते जरा सावकाश सांगते, कारण तो दिसत नाही आणि त्यात पडलेल्याला आपण पडलोय हेही कळत नाही. निष्पत्तीचं वाक्य परत वाचा. ‘मुलं तपास करतात.’ क्रियापद ‘करतात’ आहे, आणि खाली दिलेलं उदाहरण हा प्रश्न आहे. मी त्या प्रश्नाचं उत्तर मनात धरून वर्गात गेले आणि उत्तर जुळलं का, तेवढंच तपासलं. म्हणजे निष्पत्ती तपासाची, आणि मोजमाप पाठांतराचं. त्या दिवशी एकतीस मुलांमध्ये खरा तपास फक्त एकीच्या हातात सुरू झाला होता. तिच्या चुंबकाला काहीतरी ओढत होतं. मी फक्त “खिडकीपासून लांब नेऊन बघ बरं” म्हणाले असते, तर गजांचं लोखंड तिला तिचं तिने सापडलं असतं. उरलेल्यांपैकी किती जणांनी खरंच पाहिलं आणि किती जणांनी शेजारच्याचं बघून लिहिलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून नोंद करण्याआधी मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारते : मुलाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तरी ही निष्पत्ती साध्य झाली असं मी म्हणू शकते का? वर्गीकरण करणं, तपास करणं, कारण आणि परिणाम जोडणं, निरीक्षण मांडणं या निष्पत्तींना उत्तर ‘हो’ असायला हवं. सगळ्यांनाच तसं लागू होत नाही हेही लक्षात ठेवा. एकक चुकलं तर चुकलंच, हृदयाच्या आकृतीत वरच्या आणि खालच्या कप्प्यांची नावं उलट लिहिली तर ती दुरुस्तच करायला हवीत. पण या दोन जातींच्या निष्पत्ती एकाच रकान्यात एकाच पेनाने भरल्या जातात आणि तिथेच घात होतो.

घाबरू नका. पहिल्या वर्षी सगळं जमत नाही, कोणाचंच जमलेलं मी पाहिलेलं नाही. एका सत्रात तपासाच्या दोन-तीन निष्पत्ती मनापासून घ्या, बाकीच्या तुमच्या हाताने होतील तशा होऊ द्या. सहावीला आकारिक मूल्यमापनाचे ५० गुण तुमच्याच हातात असतात, प्रयोग आणि कृती ही साधनं त्यात आहेतच. कुणाची परवानगी लागत नाही.

आता शॉर्टकटबद्दल. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ तुम्हाला रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात येईल. ‘प्रयोग आवडीने करतो’, ‘साहित्य काळजीपूर्वक हाताळतो’, ‘परिसरातील बदलांची नोंद ठेवतो’. ती उतरवू नका. माझं मत कडक आहे, पण मी ती दोन वर्षं उतरवली म्हणूनच बोलते. तयार वाक्य हाताशी असलं की मुलाकडे बघायची गरज उरत नाही. त्यापेक्षा महिन्याला फक्त आठ मुलांबद्दल, त्यांनी त्या महिन्यात खरंच केलेल्या एका गोष्टीची एक-एक ओळ लिहा. सत्र संपेपर्यंत वर्ग पूर्ण होतो. प्रयोगाच्या व्हिडिओचंही तेच. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ दाखवायला हरकत नाही, पण आधी मुलांच्या हातून प्रयोग होऊ द्या, मग दाखवा. व्हिडिओत चुंबक कधीच खिडकीकडे वळत नाही.

मार्गदर्शक जपून निवडा. प्रशिक्षण राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तिथून केंद्राला येतं आणि प्रत्येक पायरीवर पातळ होतं. तुमच्यापर्यंत पोहोचतं तेव्हा बहुधा स्लाइड आणि उपस्थितीचा तक्ता एवढंच उरतं. यात साधनव्यक्तींचा, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांचा, दोष नाही, त्यांच्यावर माहिती गोळा करण्याचंच ओझं इतकं असतं. पण ज्यांनी अलीकडच्या काळात स्वतः तास घेतलेला नाही, त्यांचा सल्ला ऐका आणि लगेच अंमलात आणू नका. मला ज्यांच्याकडून शिकायला मिळालं ते शेजारच्या गावचे निवृत्त गुरुजी. सुई न हलल्याचा किस्सा मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “मग तुम्ही सेल बदलले, की मुलांना बदलायला दिले?” मी बदलले होते. आजही प्रयोग फसला की मी हात मागे घेते.

त्यांच्या घरी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे (बारीक रबरी नळीचे) तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून केलेले त्रिकोण, चौकोन, घनांचे सांगाडे असायचे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रातून अरविंद गुप्तांनी अशी खेळणी महाराष्ट्रभर पोहोचवली, हे तुम्हाला माहीत असेल. पण काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबची ती कल्पना त्यांना सुचली होशंगाबादच्या कामात, हे मला गुरुजींकडून कळलं. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांमध्ये करून शिकायचं विज्ञान सुरू झालं आणि १९७८ला ते जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेलं. सरकारी शाळा, तुमच्या-आमच्यासारखेच शिक्षक. तिथे पुस्तक बदललं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. शाळेला प्रयोगसाहित्याची पेटी दिली, शिक्षकांची दर महिन्याला बैठक ठेवली आणि परीक्षाही बदलली : पुस्तक उघडून लिहायची लेखी परीक्षा आणि सोबत प्रात्यक्षिक. २००२ साली तिथल्या सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मला याचं आजही वाईट वाटतं. पण तीस वर्षं तो टिकला, आणि माझ्या मते त्या मासिक बैठकीमुळे टिकला. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते. तिथला अर्धा तास विज्ञानवाल्यांनी मागून घ्यावा, फसलेला प्रयोग घेऊन यावं आणि तो सगळ्यांसमोर परत करावा. आमच्या केंद्रात आम्ही चौघी-पाच जण असं करतो. चहा गार होतो, पण काम होतं.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. तुमचा विज्ञानाचा तास खाल्ला जाणार आहे. शासनाच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या असतात. त्या जवळ आल्या की “मॅडम, तेवढे दोन तास गणिताला द्या” सुरू होतं. पहिल्यांदा दिलेत की ते गेलेच. मी मुख्याध्यापकांशी भांडले नाही, प्रयोगाचा तास परिपाठानंतर लगेच, पहिला मागून घेतला. सकाळी साहित्य मांडलेलं असलं आणि मुलं टेबलाभोवती उभी असली की कुणी येऊन तास मागत नाही.

साहित्याचंही असंच. विज्ञानपेटी कुलपात असते, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदीत, आहे आणि काचेची नळी फुटली तर भरून कोण देणार, ही भीती असते. ती खोटी नाही. पण फुटलेल्या वस्तूंचं निर्लेखन करता येतं, म्हणजे त्या नोंदीतून काढता येतात, शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेऊन ठराव करा, यादी लावा. कागद नीट असला की कुणी बोलत नाही. आणि सेल मात्र स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवा.

भेटीला आलेले अधिकारी नोंदवही मागतात, वही मागत नाहीत. नोंदवही अद्ययावत ठेवा, त्यात हयगय नको. पण मुलांच्या वह्याही शेजारी उघडून ठेवा. माझ्या वर्गात आता प्रयोगाच्या पानाला तीन रकाने असतात : आधी काय वाटलं, काय दिसलं, का असेल. पेनानेच लिहायचं, खोडायचं नाही. मत बदललं तर खाली नव्याने लिहायचं. एका साहेबांनी तो मधला रकाना वाचला आणि दहा मिनिटं मुलांशी बोलत बसले. सगळेच बसतील असं नाही.

आता राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ आणि त्यावरून आलेला राज्याचा २०२४चा आराखडा यांची धास्ती बऱ्याच जणांनी घेतलीय. एप्रिल २०२५च्या शासन निर्णयातल्या वेळापत्रकाप्रमाणे पहिलीपासून सुरुवात होऊन २०२६-२७ला सहावीचा नंबर आहे. शब्द बदलतील, निष्पत्तींच्या वर ‘अभ्यासक्रमाची ध्येये’ आणि ‘क्षमता’ येतील, नवे रकाने येतील. पण स्वतः तपास करणं आणि प्रश्न, निरीक्षणं, निष्कर्ष मांडता येणं ही ध्येयं त्यातही आहेत. आज तीन रकान्यांची वही सुरू केलीत तर ती पुढेही चालेल. आणि जुने चौकोन नव्या नावाने भरायला घेतलेत तर पुन्हा तोच खड्डा आहे.

चुंबकाचा पाठ सहावीच्या पुस्तकात शेवटाकडे येतो. तोवर एवढी तयारी करा. पेटीतले पट्टीचुंबक अनेक वर्षं तसेच पडून मंद झालेले असतात, आधी टाचण्या उचलून पाहा. नायलॉनचा जाड दोरा घेऊ नका, त्याचा पीळ सुटताना चुंबक फिरत राहतो आणि मुलं ती दिशा समजतात. शिवणाचा बारीक सुती दोरा घ्या, टांगण्याआधी पीळ सुटू द्या. मग चार जागा निवडा : खिडकीचे गज, वर्गाचा मध्य, लोखंडी कपाटाजवळ आणि मैदान. चारही ठिकाणी मुलांना लिहू द्या. गेल्या वर्षी एका पोराने पाचवी जागा शोधली, ध्वजाच्या खांबाजवळची, आणि अर्धा तास कुणी वर्गात परतायला तयार नव्हतं.