मे महिन्यात माळ पाहून आराखडा करू नका

पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या पडीक जमिनीवर वन्यजीव अधिवासाचं काम करायला जी नवी मुलं-मुली येतात, त्यांना पक्षी चांगले ओळखता येतात. धाविक आणि माळटिटवी लांबूनच सांगतात. गवत मात्र सगळं सारखंच दिसतं. पवना कुठला, मारवेल कुठला, कुसळी कुठली, हे कुणी शिकवलेलं नसतं. शेतकऱ्याशी बोलणं तर गवतावरूनच सुरू होतं. "तात्या, यंदा वैरण किती निघाली?" या प्रश्नाला तो अर्धा तास उत्तर देईल. "तुमच्या माळावर धाविक आहे का?" म्हटलं तर हो म्हणून मोकळा होईल.

खासगी जमिनीवर काम कशाला, असं मुलाखतीत हमखास विचारतात. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य 2.17 चौरस किलोमीटरचं आहे, सुप्याचं मयूरेश्वर सुमारे 5.14 चौरस किलोमीटरचं. लांडग्यांचा कळप एवढ्यात मावत नाही. तो गायरान, वनखात्याची जमीन, कुणाची पड, कुणाचं ज्वारीचं रान असं करत फिरतो. त्यातली बरीच जमीन कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहे. उत्तर इतकंच पुरे.

आता ज्यात जवळजवळ प्रत्येक नवखा अडकतो, ते नीट समजून घ्या. प्रकल्पाचा पैसा एप्रिलमध्ये हातात येतो. जागेची पाहणी मे महिन्यात होते. जेसीबी तेव्हाच मिळतो आणि पावसाच्या आत काम उरकायची सगळ्यांनाच घाई असते. मे महिन्यातला माळ कसा दिसतो? मुरूम, दगड, खरवडल्यासारखी खुंटं, दोन-चार बोरीबाभळी. डोळा लगेच 'उजाड' म्हणतो. सरकारी पडजमीन नकाशांतही अशी माळरानं 'पडीक' म्हणूनच रंगवलेली असतात, त्यामुळे कागदही डोळ्याच्याच बाजूने बोलतो. मग आराखडा ठरलेला: सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर), चराच्या भरावावर झाडं, खाली शेततळं.

त्या उजाड जागेत तीन गोष्टी जिवंत असतात. पहिली, गवताची ठोंबं. वरचं पातं वाळतं, पण बुडखा जिवंत राहतो. खुरप्याने ठोंबाच्या बुडाशी माती बाजूला करा. आतला गाभा पांढुरका-हिरवट आणि मुळं घट्ट धरलेली असतील तर ते ठोंब पहिल्या दोन पावसांत फुटणार. दुसरी, वरच्या बोटभर मातीत पडलेलं बी. तिसरी, अंडी. माळटिटवी मार्च ते मे या काळात अशाच उघड्या दगडाळ जागेवर घरटं करते, घरटं म्हणजे नुसता खळगा. धाविकाची वीणही याच सुमारास सुरू होते. त्या अंड्यांचा रंग मुरमासारखाच असल्याने जेसीबीवाल्याला ती दिसत नाहीत आणि तुम्हालाही दिसणार नाहीत. उघडी दगडाळ जागा हेच या पक्ष्यांचं घर आहे. तिला हिरवं करणं म्हणजे त्यांना हुसकावणं.

चर खणल्यावर काय होतं तेही पाहा. माळावर माती वीतभर असते, कित्येक ठिकाणी तेवढीही नाही. त्याखाली मुरूम. चरातून निघालेला मुरूम उताराच्या बाजूला पडतो आणि तिथली ठोंबं गाडली जातात. त्या सैल मुरमावर आधी गाजरगवत, तरवड, रानतुळस येतात. पवना किंवा डोंगरी गवत तिथे लवकर पाय रोवत नाही. भरावावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की तिची सावली पडते आणि उन्हातल्या या गवतांना सावली सोसत नाही. उंच झाडावर कावळे, शिक्रे बसू लागतात आणि त्यांना खालचं प्रत्येक घरटं दिसतं. तीन वर्षांनी अहवालात 'जगलेली रोपं 80 टक्के' असं लिहिलं जातं, फोटो हिरवेगार येतात आणि धाविक त्या सर्व्हे नंबरातून गेलेला असतो. कागदावर हे यश असल्याने कुणी कुणाला विचारतही नाही.

म्हणून मे महिन्यात मोजणीशिवाय काहीच करू नका. पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट बनवा. माळावर वेगवेगळ्या उतारांवर निदान वीस ठिकाणी ती टाका, जागा निवडत बसू नका. प्रत्येक चौकटीत जिवंत ठोंबं किती, उघडी माती किती, दगड किती, तण कुठलं, एवढं लिहा. सरासरी तीन-चार जिवंत ठोंबं मिळाली तर त्या जमिनीला पेरणीची गरज नाही, विश्रांतीची आहे. चार ठिकाणी खुंट रोवून त्याच दिशेने फोटो काढा आणि तेच फोटो ऑक्टोबरमध्ये व फेब्रुवारीत पुन्हा काढा. वरिष्ठ घाई करतील, निधी परत जाईल म्हणतील. चर खणून बिघडवलेला माळ तुमच्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं तसाच राहतो, एवढं लक्षात असू द्या.

पाण्याचं काम अजिबात नको असं नाही. जिथे घळ पडून माती वाहते तिथे गुडघ्याखालच्या उंचीचे दगडी बांध घाला. दगड मात्र माळावरचे उचलू नका. त्यांच्याखाली पाली, विंचू, मुंग्यांची वारुळं आणि फुरसं असतं. ओढ्यातले किंवा बांधाला पडून राहिलेले दगड वापरा, तेही बूट घालून.

विश्रांती म्हणजे चराईबंदी असं समजून सगळा माळ एकदम बंद करणारेही पुष्कळ आहेत. बारा एकरांपैकी चार एकर पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत चराईविना ठेवा, पुढच्या वर्षी दुसरे चार. सगळंच बंद केलं तर गुरं गायरानावर जातात, तिथला चारा संपतो आणि तुमचं नाव गावात खराब होतं. शिवाय तीन-चार वर्षं न चरलेल्या, न कापलेल्या गवतात वाळलेला थर साचतो. तो नव्या फुटव्याला गुदमरवतो आणि एका काडीने पेटतो. मेंढरं ही माळाची शत्रू नाहीत. एकाच जागी, पावसाळ्यात, महिनाभर बसलेला मेंढरांचा वाडा (कळपाचा मुक्काम) मात्र आहे.

कापणीवरून शेतकऱ्याशी खरी ओढाताण होते. फुलोऱ्यात कापलेली वैरण कसदार असते, तेव्हा त्याला सप्टेंबरअखेरीस कापायचं असतं. बी पडायला आणखी काही आठवडे लागतात. सगळं फुलोऱ्यात कापलं की बी पडतच नाही आणि दोन-चार वर्षांत कुसळी वाढते, जी पिकल्यावर गुरंही टाळतात. तोड साधा आहे. दहा मीटर कापा, तीन मीटरचा पट्टा उभा ठेवा. पुढच्या वर्षी पट्टा सरकवा. कापणी मधून सुरू करून कडेकडे न्या, म्हणजे ससा, लावा, त्यांची पिल्लं बाहेर पळू शकतात. कडेने आत गेलात तर ती मध्ये कोंडली जातात. बुडापासून चार बोटं वर कापायला सांगा. 'एवढी वैरण वाया', असं तो म्हणेल. पुढच्या वर्षीचं बी त्या पट्ट्यातून येणार आहे, हे त्याला तिथे नेऊन दाखवा. बोलून पटत नाही.

चौकटीत ठोंबं मिळालीच नाहीत तरच पेरा. बी याच उभ्या पट्ट्यांतून किंवा जवळच्या माळावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताने झाडून घ्या. ताजं बी बऱ्याचदा उगवत नाही, त्याला काही महिने सुप्तावस्था असते. कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवून पुढच्या जूनमध्ये, चाळलेली माती आणि शेणखत मिसळून हेक्टरी पाच-सहा किलोने फोका. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येत नाही. मारवेलची मुळं असलेली ठोंबं दीड फुटावर लावली तर जास्त भरवशाचं. सीडबॉलचे कार्यक्रम मात्र माळावर करू नका. शाळेची मुलं, बॅनर, वर्तमानपत्रात फोटो, आणि आत कुठल्याही झाडाचं बी. ज्या जागेला झाडं नको आहेत तिथे ती फेकायची, याला काम म्हणत नाहीत.

वेडी बाभूळ वरून तोडली की दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली वीतभर खणून बुडखा काढा. शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या लेंड्यांतून बी पसरतं, म्हणून शेंगा पिकायच्या आत काढणी उरका. घाणेरीचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटं टाका, नाहीतर ते पुन्हा मुळं धरतं.

कागदपत्रांबद्दल थोडं रागावूनच सांगावं लागतं. ज्याच्याशी बोलता त्याचंच नाव सातबाऱ्यावर असेल असं नाही. खातं सामाईक असतं, एक भाऊ मुंबईला, बहिणींची नावं लागलेली, जमीन कसतो वाटेकरी, आणि दरवर्षी तिथे मेंढरं बसवणाऱ्या धनगराचं नाव कुठेच नाही. सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या आणि त्या धनगराला मोसमापूर्वी भेटा. त्याला न विचारता घातलेलं कुंपण दिवाळीपर्यंत टिकत नाही.

आणि एक भीती ओळखून ठेवा. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये झालं तेव्हा त्याचं क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होतं. त्यात असंख्य गावं आणि खासगी शेतं आली, जमिनीच्या व्यवहारांत अडचणी आल्या. पुढे ते सुमारे 1,222 वर आणलं गेलं, पण त्या भागातल्या माणसाला 'पक्षी सापडला की जमीन अडकली' हे पाठ आहे. त्यामुळे नोंदवहीत काय लिहिता, कुणाला देता, हे आधी सांगा. कुठलीही नोंद सर्व्हे नंबरासह त्याच्या परवानगीशिवाय बाहेर देऊ नका. दोन-तीन भेटींत विश्वास बसला नाही तर हिरमुसू नका, त्याचं कारण तुम्ही नाही.

मार्गदर्शकाबद्दल एकच सल्ला. जो पावसाळ्यात माळावर येत नाही त्याच्याकडून माळ शिकू नका, त्याचं शिक्षण कितीही असो. पहिल्या पावसाळ्यात दहा-बारा गवतं फुलोऱ्यावर ओळखता आली तरी भरपूर झालं. कोवळी असताना ती ओळखणं जाणत्यांनाही जड जातं.

पैसे उरले तर आधी विहिरी बघा. कठडा नसलेल्या विहिरीत लांडगा, खोकड, तरस पडतात, शेतकऱ्याची शेळीही पडते, म्हणून हे काम कुणी नाकारत नाही. अडीच-तीन फुटांचा कठडा पुरतो. काटेरी तारेच्या कुंपणात सगळ्यात खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून दीड फूट वर ठेवा, चिंकारा आणि काळवीट उडी मारण्यापेक्षा खालून जातात. लांडग्याने शेळी मारली तर मालकाला सांगा की मढं हलवू नका, फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. पंचनामा उशिरा झाला की भरपाई बुडते, आणि पुढच्या वेळी त्या मढ्यावर विष टाकलं जातं.