कॅप्चर कार्ड घेताना बॉक्सवरचं '4के' बघू नका

कॅमेरा किंवा प्लेस्टेशनचा एचडी व्हिडिओ कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला स्वस्तातलं एचडीएमआय कॅप्चर कार्ड घेतात आणि मग चित्र अडखळतं, कारण बॉक्सवर लिहिलेलं 4के बहुतेक वेळा फक्त इनपुटचं असतं, रेकॉर्डिंग 1080पी, सेकंदाला 30 फ्रेमचंच होतं.

1. लिस्टिंगमध्ये 'आउटपुट' किंवा 'कॅप्चर' रिझोल्यूशन शोधा. गेमिंग असेल तर 1080पी 60 स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, लेक्चर-मीटिंगला 30 पुरतं, उगाच जास्त पैसे घालू नका.

2. यूएसबी प्लगच्या आत डोकावून बघा. निळं प्लास्टिक बघून फसू नका, खऱ्या यूएसबी 3.0 ला (हे 2.0 पेक्षा वेगवान) पुढच्या 4 पिनांच्या मागे अजून 5 पिना असतात, त्या नसतील तर ते 2.0 च. 2.0 ची लाइन सेकंदाला 480 मेगाबिटची आणि 1080पी 60 चा कच्चा व्हिडिओ जवळपास 2 गिगाबिट, म्हणजे तो दाबूनच (कॉम्प्रेस करून) पाठवावा लागतो आणि बारीक अक्षरं, लाल रंगाच्या कडा फिसकटतात.

3. कार्ड आल्या आल्या ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर) लावून बघा, व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस, रिझोल्यूशन कस्टम, 1920 बाय 1080, एफपीएस 60. गेमिंगसाठी घेतलं असेल आणि तिथे 60 चा ऑप्शनच दिसत नसेल तर रिटर्नची मुदत आहे तोवर सरळ परत करा.

कार्ड कॉम्प्युटरच्या 3.0 पोर्टलाच लावायचं, हबला नको.

आणि हो, सेट टॉप बॉक्स जोडल्यावर काळी स्क्रीन आली तर कार्ड खराब नाही, ते एचडीसीपीचं कॉपी प्रोटेक्शन आहे. प्लेस्टेशन 4 आणि 5 वर मात्र हे सेटिंगमधून बंद करता येतं.