विडी सोडू पाहणाऱ्या मजुराला प्राथमिक आरोग्य केंद्रात कशी मदत करावी

खोकला घेऊन ओपीडीत आलेल्या मजुराला "विडी सोडा" एवढेच सांगून आपण पुढचा केसपेपर घेतो. पण हे वाक्य त्याने घरीदारी शंभरदा ऐकलेले असते. त्याऐवजी, सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळात लागते, हे विचारावे. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर शरीराला निकोटिनची सवय घट्ट जडलेली आहे आणि नुसत्या निश्चयावर हा माणूस तरणे कठीण आहे, असे समजावे.

मग विडी त्याला नेमके काय देते, हे शांतपणे ऐकून घ्यावे. ओझी वाहणाऱ्याला विडी ओढण्याच्या निमित्तानेच कामातून पाच मिनिटे बसायला मिळते, शिवाय तिने भूकही मारली जाते. म्हणून त्या वेळी तो काय करणार, हे त्याच्याशीच बोलून ठरवावे. न ठरवल्यास तो मळलेल्या तंबाखूकडे वळतो आणि घरातल्या बाईची विडी सुटून मिश्री वाढते. हा बदल म्हणजे सोडणे नव्हे, हे आधीच स्पष्ट सांगावे.

सोडण्याची तारीख पुढच्या दोन आठवड्यांतली असावी, मात्र पगाराचा आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळावा.

विडीची तलफ भागवायला निकोटिन गम, म्हणजे थोडे निकोटिन असलेला चघळायचा गम, देता येतो; पण तो विकत घेणे रोजंदारीवरच्या माणसाला जड जाते. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत निकोटिन २ आणि ४ मिलिग्रॅम मात्रेत आहे, तेव्हा केंद्राच्या मागणीपत्रात ते आग्रहाने लिहावे. पहिली विडी अर्ध्या तासात ओढणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅमचा गम लागतो; गरोदर स्त्री किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण असेल, तर निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. गम च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नाही: तोंडात चुरचुरले की तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरायचा, चुरचुर ओसरली की पुन्हा हळू चावायचा, असे सुमारे अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटे चहा नको, कारण त्याने निकोटिन नीट शोषले जात नाही.

त्याच्या खिशातले बंडल मागून घ्यावे आणि त्यावरचा १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत फोन क्रमांक बोट ठेवून दाखवावा.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत अवघड असतात. फेरतपासणीसाठी त्याची मजुरी बुडवू नये. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी संध्याकाळी सिस्टरांनी फोन करावा, फोन नसेल तर आशाताईंनी गृहभेटीत विचारावे. त्याने पुन्हा ओढली असेल, तर केसपेपरवर "सहकार्य करत नाही" असे मुळीच लिहू नये. ती विडी कुठे, कोणासोबत पेटली हे विचारून त्याच बैठकीत नवी तारीख लिहावी.