सीएसएसचा पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा ठिपका नव्हे : या चुका टाळा

वेब डिझाइनमध्ये मापांचे जे घोळ होतात, त्यांतील बऱ्याच घोळांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो : सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, आपण लिहितो तो पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. व्याख्येनुसार ९६ पिक्सेल म्हणजे १ इंच. परंतु पडद्यांसाठी हे माप डोळ्याशी होणाऱ्या कोनावर बेतलेले आहे. इंचाला ९६ ठिपके असलेल्या पडद्यावरचा एक ठिपका सुमारे ७१ सेंटिमीटरवरून जेवढा दिसतो, तेवढा हा पिक्सेल. फोन आपण त्याहून जवळ धरतो, म्हणून त्यावरचा पिक्सेल प्रत्यक्षात लहान असला तरी चालतो. त्यामुळे पडद्याला पट्टी लावून ९६ पिक्सेलची रेघ १ इंच भरते का, हे तपासत बसू नये. छपाईत मात्र ती इंचभर भरायला हवी.

दुसरी चूक रेझोल्यूशनची. २०१० च्या आयफोन ४ च्या पडद्यावर ६४० × ९६० ठिपके होते, तरी सीएसएसच्या दृष्टीने तो ३२० × ४८० पिक्सेलचाच होता. म्हणून मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या सीएसएसमधील अटी) जाहिरातीतले आकडे पाहून लिहू नयेत. पान फोनवर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसत असेल, तर व्ह्यूपोर्ट मेटा टॅग (पान किती रुंद धरायचे हे ब्राउझरला सांगणारी एचटीएमएलमधील ओळ) लिहायचा राहिला आहे का, हे आधी पाहावे. तो नसेल तर आयफोनचा सफारी ब्राउझर पानाची रुंदी ९८० पिक्सेल धरून सगळे आक्रसून दाखवतो.

सर्वाधिक छळते ते कॅनव्हास, म्हणजे कोडने चित्र काढण्यासाठी पानावर ठेवलेली चौकट. ३०० × १५० च्या कॅनव्हासवर आलेख काढला, त्याखाली मराठी नावे लिहिली, की ३ गुणोत्तराच्या फोनवर (जिथे सीएसएसच्या एका पिक्सेलसाठी आडवे ३ आणि उभे ३ ठिपके असतात) शिरोरेखा पसरट आणि अनुस्वार धुरकट दिसतात, कारण कॅनव्हासचा एक बिंदू पडद्याच्या ९ ठिपक्यांवर ताणला जातो. अशा वेळी फॉन्ट बदलून उपयोग नाही. कॅनव्हासची स्वतःची रुंदी-उंची ९०० × ४५० करावी, सीएसएसमधील आकार ३०० × १५० च ठेवावा आणि रेखाटण्यापूर्वी स्केल ३ द्यावे, म्हणजे सारे रेखाटन तिपटीने मोठे होईल. हे ३ कोडमध्ये कायमचे लिहू नये, डिव्हाइस पिक्सेल रेशोवरून, म्हणजे ब्राउझर सांगतो त्या गुणोत्तरावरून, घ्यावे. डेस्कटॉपवरील बहुतेक ब्राउझरांत वाचकाने झूम केले की हे गुणोत्तरही बदलते, म्हणून ते बदलल्यावर आलेख पुन्हा काढावा लागतो.