टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या डाव्या-उजव्यातला फरक : या चुका टाळा

तालुका क्रीडा संकुलाच्या कोर्टवर नियमित खेळणारं पोर वर्षा-दोन वर्षांत एका हाताने जाड दिसायला लागतं. मनगटावरचा भाग भरतो, त्या बाजूचा खांदा थोडा खाली येतो. मग घरून प्रश्न येतो, “मॅडम, पोराचा डावा हात सुकून तं नाही रायला ना?” काळजी खरी आहे. पण त्या काळजीपोटी घरी आणि मैदानावर जे उपाय सुरू होतात, त्यांतले बरेच भलत्याच जागी होतात. हाताची जाडी सगळ्यांना दिसते, म्हणून सगळे तिच्यामागे लागतात. खेळणारा खांदा आतल्या बाजूला किती वळतो आणि त्याच्या मागच्या स्नायूंत किती जोर आहे, हे नुसतं बघून कळत नाही. त्रास मात्र बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

पुढे सगळीकडे मूल उजव्या हाताने खेळतं असं धरलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावं.

डावा हात उजव्याएवढा करायला निघणे

हा फरक आजार नाही. वाढत्या वयात हाडावर जसा भार पडतो, तसं ते घडतं. १९७७ मध्ये व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडाच्या हाडांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा खेळणाऱ्या हाताच्या हाडाची बाहेरची भिंत पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जास्त जाड निघाली. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास ज्यांनी रॅकेट धरली होती, त्यांच्या दोन हातांच्या हाडांतला फरक पाळीनंतर पंधरा वर्षांहून उशिरा खेळायला लागलेल्या स्त्रियांच्या दोन ते चार पट होता. १९६२ आणि १९६९ अशी दोनदा एका वर्षात टेनिसच्या चारही मोठ्या म्हणजे ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकणाऱ्या डावखुऱ्या रॉड लेव्हरचा डावा हात कोपराखाली उजव्यापेक्षा किती जाड होता, हे त्याच्या जुन्या फोटोंतही दिसतं.

म्हणून पाण्याच्या बाटल्या भरून डाव्या हाताने रोज शंभर वेळा उचलायला लावू नका. त्याने खेळणाऱ्या खांद्याचं काहीच भलं होत नाही, आणि पोराला आपल्या अंगात काहीतरी खोट आहे असं वाटत राहतं. डावा हात खरंच कमजोर आहे का, हे पाहायचं तर साधं पाहा. मूल दांडीला दोन्ही हातांनी सरळ लोंबकळतं का? दंड मारताना अंग एका बाजूला कलतं का? डाव्या हाताने अर्धी बादली पाणी नेताना अडतं का? हे सगळं ठीक असेल तर जाडी मोजायची टेप गुंडाळून ठेवा.

एक गोष्ट मात्र जरूर पाहा, आणि ती जाड हाताच्याच बाजूला. मुलाचा शर्ट काढून पाठीमागे उभे राहा. खांद्याच्या पात्याची आडवी कड बोटाला लागते. तिच्या खालचा भाग उजवीकडे खोलगट झालेला दिसला आणि डावीकडे भरलेला असला, तर तिथला स्नायू आटतो आहे. त्याला जाणारी नस दाबली किंवा ताणली गेली की असं होतं. डोक्यावरून हात फिरवणाऱ्या खेळाडूंत हे आढळतं आणि कधी कधी ते अजिबात दुखत नाही. हा खळगा दिसला तर सर्व्ह थांबवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं.

एका उडीवरून टक्केवारी काढणे

मोबाइलवर पाहून अनेक क्रीडाशिक्षक आता एका पायावरची लांब उडी मोजतात आणि दोन पायांत दहा टक्क्यांचा फरक आला की घाबरतात. दहा किंवा पंधरा टक्क्यांची ही रेघ सोयीसाठी मारलेली आहे. तिच्या अलीकडचं मूल सुरक्षित आणि पलीकडचं धोक्यात, असं काही नाही.

समजा, मुलीने उजव्या पायावर १२०, १२६ आणि ११८ सेंटिमीटर उडी मारली, डाव्यावर ११२, १२१ आणि ११५. चांगल्यातली चांगली उडी धरली तर फरक ५ सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे ४ टक्के. पण एकट्या उजव्या पायाच्या तीन उड्यांतच ८ सेंटिमीटरचं अंतर आहे. मग दोन पायांतल्या पाचाला अर्थ काय? तीच मुलगी उभ्या उडीत डाव्या पायावर सरस निघू शकते. टेनिसमध्ये हातांतला फरक मोठा असतो, पायांतला बराच कमी, आणि चाचणी बदलली की पायांची बाजूही बदलते. म्हणून हाताचा आणि पायाचा आकडा एकत्र करून ‘एकूण फरक’ काढू नका. मोजायचंच असेल तर सरावाआधी, त्याच मुरमाच्या जागेवर, त्याच बुटांत मोजा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. दर वेळी एकच पाय मागे पडत असेल, तरच त्याचा विचार करा.

खांदा ओढून ‘मोकळा’ करणे

सगळ्यांत जास्त नुकसान मला इथे होताना दिसतं. सर्व्ह जोरात यावी म्हणून मोठी मुलं लहानांचा हात मागे ओढतात. पण खेळणारा खांदा बाहेरच्या बाजूला आधीच जास्त वळत असतो, त्याला आणखी मागे न्यायची गरज नसते. कमी पडतं ते आत वळणं.

याला दोन कारणं आहेत. एक हाडाचं. जन्मतः दंडाच्या हाडाचं डोकं मागच्या बाजूला जास्त वळलेलं असतं आणि वाढीबरोबर ते हळूहळू पुढे येतं. लहानपणापासून सर्व्ह करणाऱ्या हातात हे पुढे येणं कमी होतं. म्हणून तो हात बाहेर जास्त आणि आत कमी वळतो, आणि कितीही ताणलं तरी हाडाचा हा पीळ बदलत नाही. दुसरं कारण मऊ भागाचं : दर सर्व्हला चेंडू सुटल्यावर हात थांबवताना खांद्याची मागची बाजू राबते, आखडते. यावर उपाय आहे. यातलं कोणतं कारण किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायला चटई आणि मोबाइल पुरतो. मूल पाठीवर झोपेल, हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, बोटं आढ्याकडे. एकाने खांद्याची पुढची बाजू हलक्या हाताने दाबून धरायची, म्हणजे खांदा चटईवरून उचलला जाणार नाही. आता हात आधी पायांकडे (हे आत वळणं) आणि मग डोक्याकडे (हे बाहेर वळणं), सहज जाईल तेवढाच न्यायचा आणि कोन मोजणारं अॅप उघडून मोबाइल मनगटाजवळ टेकवायचा. दोन्ही हातांचे दोन्ही आकडे वहीत लिहायचे.

समजा, उजवा बाहेर १०५ अंश आणि आत ५०, बेरीज १५५; डावा बाहेर ९२ आणि आत ६५, बेरीज १५७. इथे आतलं वळण १५ अंशांनी कमी आहे, पण बेरीज जवळपास सारखीच. हा खेळाने घडलेला खांदा आहे, त्याला छेडू नका. दुसरं मूल घ्या : उजवा १०० आणि ४०, बेरीज १४०, डावा ९५ आणि ६५, बेरीज १६०. आतलं वळण २५ अंशांनी कमी आणि बेरीजही २० ने घटलेली. इथे मागची बाजू आखडली आहे. आत १८-२० अंशांहून जास्त आणि बेरजेत ५ अंशांहून जास्त तूट, ही वापरातली रेघ मुख्यतः मोठ्या बेसबॉल खेळाडूंवरून आली आहे. मुलांच्या बाबतीत तिला निकाल मानू नका. ती ओलांडली तर लक्ष द्यायचं, एवढंच. आणि हे सामन्यानंतर मोजू नका. खेळून झाल्यावर आतलं वळण काही काळ कमीच येतं.

आखडलेल्या खांद्यासाठी मुलाने स्वतःच उजवा हात छातीसमोरून आडवा नेऊन डाव्या हाताने अंगाकडे धरायचा. खांद्याच्या मागे हलका ताण जाणवला की तिथेच तीसेक सेकंद थांबायचं, तीन-चार वेळा. समोर दुखलं तर सोडून द्यायचं. दुसऱ्याने दाबायचं नाही.

याहून महत्त्वाचं काम जोराचं आहे. खरा तोल डाव्या आणि उजव्या हातात शोधू नका, तो त्याच उजव्या खांद्याच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंत शोधा. सर्व्ह आणि फोरहँडने हात आत वळवणारे स्नायू आपोआप बळकट होतात. बाहेर वळवणारे, म्हणजे हाताला ब्रेक लावणारे, मागे राहतात. त्यांचा जोर पुढच्यांच्या निदान दोन तृतीयांश तरी असावा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापा, उन्हाने तडकलेली नको. कोपराच्या उंचीवर खिडकीच्या गजाला बांधा. डावी कूस खिडकीकडे करून उभं राहायचं, उजवं कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल. पट्टी बाहेर ओढायची आणि चार अंक मोजत हळू परत यायचं. बारा-पंधरा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. परत येण्याची घाई करणाऱ्या मुलाला थांबवा, कारण ब्रेक तिथेच घडतो.

खांदा खाली दिसला की कणा वाकडा समजणे

खेळणारा खांदा खाली उतरल्याने कणा वाकडा दिसतो. मुलाला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, तळवे जुळवून पुढे वाकायला सांगा आणि पाठीमागून पाहा. पाठीच्या दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर बहुधा हा टेनिसचाच उतार आहे. एका बाजूच्या बरगड्या वर उचललेल्या दिसल्या तर एक्स-रे लागेल. दोन्हींपैकी काहीही असलं, तरी हाडं बसवणाऱ्याकडे पाठ ओढून घ्यायला नेऊ नका.

पाठदुखीला वेगळं महत्त्व द्या. सर्व्ह करताना कंबर मागे वाकते आणि त्याच वेळी वळते. वाढत्या मुलांच्या मणक्याच्या मागच्या भागात याने बारीक चीर जाऊ शकते. मागे वाकताना कमरेत एका बाजूला दुखत असेल, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडू नका आणि तेल चोळून सामन्याला उभं करू नका.

डाव्या हातानेही तेवढंच खेळवणे

टेनिसपटू नादाल लिहितो उजव्या हाताने आणि खेळायचा डाव्या हाताने, हे ऐकून काही ठिकाणी मुलांना अर्धा सराव डाव्या हाताने देतात. त्याने शरीर समतोल होत नाही, कच्च्या खांद्यावर नवा भार तेवढा चढतो. डाव्या हाताने दहा मिनिटं चेंडू फेकणं, झेलणं ठीक. त्यापेक्षा आपल्या गावांत आहे ते वापरा : खो-खो, कबड्डी, सूर्यनमस्कार, जिथे सोय असेल तिथे दोरीचा मल्लखांब. बारा वर्षांच्या आतल्या पोराने वर्षभर फक्त टेनिस खेळावं, हे मला पटत नाही.

मोठ्या भावाची २७ इंची रॅकेट दहा वर्षांच्या मुलाला देऊ नका; त्याला २५ किंवा २६ इंची पुरते. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत जगभर २०१२ पासून संथ चेंडू सक्तीचे झाले.

घरचं कामही हिशेबात धरा. शालेय स्पर्धा आणि कापूस वेचणी आपल्याकडे एकमेकांवर येतात. ओटी बांधून दिवसभर वाकलेली मुलगी संध्याकाळी सर्व्हच्या सरावाला आली, तर तिला त्या दिवशी पायांचं काम द्या. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळातही सर्व्ह कमी करा. मुलींत हा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांत चौदाव्या. भिंतीवर दर तीन महिन्यांनी खूण केली की तो कळतो.

दाखवायचं कधी, कुठे

पात्याखालचा खळगा, रात्री दुखणारा खांदा, मागे वाकताना दुखणारी कंबर, कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं, बोटांना मुंग्या : यांत वाट पाहू नका. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना सांगा. ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवू शकतात. नागपूरचं मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), वर्ध्याजवळची सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं इथे हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपी दोन्ही मिळतात. एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी मोडून जायचं असतं, म्हणून जाताना चिठ्ठी लिहून न्या : कोणत्या हाताने खेळतो, किती वर्षांपासून, आठवड्याला साधारण किती सर्व्ह, गेल्या सहा महिन्यांत उंची किती वाढली, दोन्ही खांद्यांचे चार आकडे, आणि नेमकं काय करताना दुखतं.